पुष्किन चौकातली रांग: परदेशी ब्रँड येतात तेव्हा नक्की काय येतं आणि जातात तेव्हा काय जातं?

उत्तरायण
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. ३१ जानेवारी १९९० ला मॉस्कोच्या पुष्किन चौकात सोव्हिएत संघातलं पहिलं मॅकडोनाल्ड्स उघडलं. बुधवार होता, कामाचा दिवस. तरी त्या एका दिवसात ३०,००० हून जास्त माणसं तिथे खाऊन गेली. मग १४ मार्च २०२२ ला, युक्रेनवरच्या हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, त्याच दुकानाला कुलूप लागलं. आणि १२ जूनला, म्हणजे रशिया दिनाच्या मुहूर्तावर, तिथेच नव्या नावाची पाटी चढली: 'व्कुस्नो इ तोच्का'. अर्थ साधारण 'चविष्ट, बस्स!'

तीच जागा, तेच कर्मचारी, जवळपास तोच मेनू. मग १९९० मध्ये आलं होतं ते काय होतं? आणि गेलं ते काय? नुसती पाटीच गेली असेल तर एवढा गाजावाजा कशाला? आणि पाटीपेक्षा जास्त काही गेलं असेल, तर त्याची किंमत कोणी मोजली? कंपनीने, सरकारने की रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाने?

तिथे राहिलेले, शिकलेले, नोकरी केलेले कोणी इथे असतील तर जरूर लिहा. युद्धाबद्दल प्रत्येकाचं मत असणारच, पण धागा ब्रँडच्या येण्याजाण्यापुरताच ठेवू.

लुमुंबाकर
मी लिहितो. १९८८ ते ९४ मॉस्कोत होतो, लुमुंबा विद्यापीठात. पहिल्या दिवशी गेलो नव्हतो, मार्चमध्ये गेलो. सव्वादोन तास उभा होतो आणि बर्फ बुटात वितळत होतं.

आधी तेव्हाचं साधं दुकान कसं चालायचं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तीन रांगा असत. पहिल्या रांगेत काचेमागचा माल बघायचा आणि भाव विचारून घ्यायचा. दुसरी कास्सावर, म्हणजे गल्ल्यावर, पैसे भरून चिठ्ठी घ्यायला. तिसरी रांग ती चिठ्ठी देऊन वस्तू हातात पडायला. तिसऱ्या रांगेत आपला नंबर येईपर्यंत माल संपला तर पुन्हा गल्ल्यावर जाऊन भांडायचं. विक्रेतीने वर बघितलं तरी उपकार वाटायचे.

पुष्किन चौकात बाहेरची रांग लांबलचक होती, पण दाराच्या आत गेलं की सगळंच निराळं. काउंटरमागच्या मुली हात उंच करून ओरडायच्या, "स्वबोदनाया कास्सा!" म्हणजे 'गल्ला मोकळा आहे, इकडे या!' दुकानदार गिऱ्हाइकाला बोलावतोय हे त्या देशात मी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या पुढे एक आजी होत्या. त्या दोनदा मागे वळून बघत होत्या, मुलगी दुसऱ्याच कोणाला बोलावतेय असं त्यांना वाटत होतं.

बिग मॅक ३ रूबल ७५ कोपेकला होता. मेट्रोचं तिकीट ५ कोपेक. म्हणजे एका बिग मॅकमध्ये मेट्रोच्या ७५ फेऱ्या! मी फिले-ओ-फिश आणि बटाट्याचे काप घेतले. माझ्या रशियन रूममेटने बर्गरची डबी आणि दोन्ही स्ट्रॉ खिशात घातल्या. हॉस्टेलवर डबी साबणाने धुतली, रेडिएटरवर वाळवली आणि पुढची तीन वर्षं त्यात शिवणकामाच्या सुया ठेवल्या. आमच्या मजल्यावर अशा चार डब्या होत्या.

तर उत्तरायण, काय आलं असं विचाराल तर माझ्यापुरतं उत्तर: ती हाक आली.

खवय्या
लुमुंबाकर काका, दंडवत! आजींचा प्रसंग दोनदा वाचला. आणखी लिहा.

मातीचा_माणूस
हाक खरीच, पण मागच्या बाजूला काय आलं तेही बघा. माझं शिक्षण शेतीतलं, त्यामुळे मला या गोष्टीतला बटाटा सगळ्यात जास्त भावतो.

मॅकडोनाल्ड्सच्या कॅनडा शाखेचे प्रमुख जॉर्ज कोहोन यांनी १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत अधिकाऱ्यांशी बोलणी सुरू केली. दुकान उघडायला १४ वर्षं गेली. सगळी वर्षं परवानगीतच गेली असं नाही, पण ती मिळाल्यावरही दुसरा डोंगर समोर होताच. काप तळायला लांबट बटाटा लागतो आणि तिथला बटाटा छोटा, गोल. म्हणून रसेट बरबँक जातीचं बियाणं बाहेरून आणलं आणि तिथल्या शेतकऱ्यांना लागवड शिकवली. मॉस्कोच्या कडेला सोल्न्त्सेवोत भलामोठा कारखाना उभारला, लोक त्याला 'मॅककॉम्प्लेक्स' म्हणत. पाव, मांस, दूध, सॉस, काप, सगळं एका छपराखाली. इतर देशांत कंपनी हा माल पुरवठादारांकडून घेते. इथे तसा पुरवठादारच नव्हता, म्हणून तो स्वतः व्हावं लागलं.

पुढच्या काळात यातलं बहुतेक काम स्थानिक पुरवठादारांकडे गेलं. म्हणूनच २०२२ मध्ये नवा मालक महिन्याभरात दुकानं उघडू शकला. पाव तिथला, मांस तिथलं, भाजी तिथली. आणि जिथे साखळी अजून बाहेरच्या देशांना जोडलेली होती, तिथे लगेच ताण दिसला. जुलै २०२२ मध्ये नव्या साखळीने जाहीर केलं की काही ठिकाणी बटाट्याचे काप शरदापर्यंत मिळणार नाहीत. २०२१ चं पीक कमी आलं होतं आणि बाहेरून मागवायची सोय उरली नव्हती.

माझं म्हणणं असं की आली ती बियाण्यापासून तळणीपर्यंतची साखळी. ती कंपनीबरोबर परत जात नाही, मातीत राहते.

निळी_छत्री
हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. बटाट्याच्या आकारावर इतकं काही अवलंबून असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दर्यावर्दी
मॅकडोनाल्ड्सच्या कितीतरी आधी पेप्सी होती. १९५९ मध्ये मॉस्कोच्या सोकोल्निकी पार्कात अमेरिकेचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे पेप्सीच्या डोनाल्ड केंडॉल यांनी अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या मदतीने सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हच्या हातात पेप्सीचा पेला दिला. तो फोटो जगभर छापून आला. १९७२ मध्ये करार झाला आणि १९७४ मध्ये नोवोरोसिस्कला पहिला कारखाना सुरू झाला.

खरी गंमत पैशाची. रूबल देशाबाहेर चालत नव्हता. मग पेप्सीला मोबदला काय? स्तोलिच्नाया वोदका! पेप्सीचा अर्क तिकडे जाणार आणि त्याच्या बदल्यात अमेरिकेत स्तोलिच्नाया विकायचे हक्क पेप्सीला. पुढे वोदका पुरेना, तेव्हा १९८९ च्या व्यवहारात १७ पाणबुड्या, एक क्रूझर, एक फ्रिगेट आणि एक डिस्ट्रॉयर पेप्सीच्या हवाली झाले. त्या दिवशी पेप्सीकडे जगातलं सहाव्या क्रमांकाचं नौदल होतं म्हणतात!

हिशेबनीस
दर्यावर्दी, शेवटचं वाक्य सोडून सगळं बरोबर. त्या पाणबुड्या गंजलेल्या होत्या आणि थेट भंगारात जाणार होत्या. चालवता येणार नाहीत अशा जहाजांना नौदल कसं म्हणायचं? नेटवर ही गोष्ट फार फिरते म्हणून लिहिलं, राग नसावा.

पण रूबलचा मुद्दा फार महत्त्वाचा काढलात. पुष्किन चौकातलं मॅकडोनाल्ड्स फक्त रूबल घ्यायचं. त्या काळात मॉस्कोत चांगल्या वस्तू 'बेर्योझ्का' नावाच्या दुकानांत मिळायच्या आणि तिथे डॉलरसारखं परदेशी चलन लागायचं, सामान्य माणसाला आत प्रवेशच नव्हता. मॅकडोनाल्ड्सची पाटी परदेशी, पण आत त्याच्या खिशातलं नाणं चालत होतं. रांगेचं अर्धं कारण मला हे वाटतं.

कंपनीला मात्र ते रूबल बाहेर नेता येत नव्हते. मग तिने मॉस्कोतच कार्यालयांची इमारत बांधली आणि परदेशी कंपन्यांना भाड्याने दिली. भागीदारीत ५१ टक्के वाटा मॉस्को शहराचा होता, ४९ टक्के कॅनडाच्या कंपनीचा. म्हणजे सरकार पहिल्या दिवसापासून घरातच होतं. परदेशी ब्रँड राजकारणापासून लांब होते आणि २०२२ मध्ये अचानक त्यात ओढले गेले, असं चित्र रंगवतात ते मला पटत नाही. आलेच मुळी राजकारणाच्या दारातून.

दर्यावर्दी
राग कसला! नौदल मागे घेतो. वोदका राहू द्या.

साधा_माणूस
सगळ्यांचं वाचतोय, पण सूर फार गोड लागलाय. रांगेतल्या त्या लोकांचं पुढे काय झालं? जानेवारी १९९२ मध्ये भाव मोकळे सोडले आणि त्या एका वर्षात महागाई २,५०० टक्क्यांच्या घरात गेली. आयुष्यभराची बचत पाव आणण्यापुरतीही उरली नाही. प्राध्यापक टॅक्सी चालवायला लागले, म्हाताऱ्या बायका मेट्रोच्या दाराशी घरातले कप-बशा विकायला उभ्या राहिल्या. १९९८ च्या ऑगस्टमध्ये रूबल पुन्हा कोसळला. त्या वर्षांत काचेमागे परदेशी माल झगमगत होता आणि काचेबाहेरच्याला तो परवडत नव्हता. ब्रँड आले म्हणजे चांगले दिवस आले, असं तिथल्या कितीतरी लोकांच्या आठवणीत मुळीच नाही.

पिझ्झा हटच्या जाहिरातीत तर स्वतः गोर्बाचेव्ह होते, १९९७ सालची गोष्ट. दुकानात एक वयस्क माणूस म्हणतो, या माणसाने देशाचा गोंधळ केला. तरुण म्हणतो, याने संधी दिली, स्वातंत्र्य दिलं. शेवटी एक आजीबाई म्हणतात, याच्यामुळे पिझ्झा हट तरी मिळालं, आणि सगळे उभे राहून गोर्बाचेव्हचा जयजयकार करतात. ही जाहिरात रशियात दाखवलीच नाही. ज्या भांडणावर ती बेतली होती ते तिथल्या घराघरांत खरंच चालू होतं.

लुमुंबाकर
साधा_माणूस, तुमचं शब्दन् शब्द खरं. मी ९२ मध्ये तिथेच होतो. आमच्या भाषेच्या बाईंनी नवऱ्याची पुस्तकं विकली, आमच्या समोर. मी हाकेबद्दल लिहिलं तेव्हा हे विसरलो नव्हतो, पण लिहायला हवं होतं. दोन्ही एकाच शहरात, एकाच वेळी चालू होतं.

पारिजात
आम्ही २००६ ते १२ मॉस्कोत होतो, यांच्या नोकरीमुळे. आमच्यासाठी परदेशी ब्रँड म्हणजे आयकिया. पहिलं दुकान २००० च्या मार्चमध्ये खिम्कीत उघडलं होतं. आम्ही गेलो तोवर परिस्थिती अशी होती की कुठल्याही ओळखीच्यांकडे जा, तेच पांढरं कपाट आणि तोच दिवा. 'येव्रोरेमोंत' हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी असायचा. युरोपसारखं घर करून घेणं. शेजारच्या काकूंकडे जुनी सोव्हिएत काळाची अख्खी भिंत भरणारी कपाटं होती, ती त्यांनी एका शनिवारी खाली आणून ठेवली आणि नव्या कपाटाचे खोके आम्ही सहा जणांनी मिळून चौथ्या मजल्यावर चढवले. जोडायला रात्रीचे दोन वाजले. एक स्क्रू उरला, तो कुठला ते शेवटपर्यंत कळलं नाही!

त्या कंपनीने लाच न देण्याचा हट्ट धरला होता. खिम्कीच्या दुकानाला वीज मिळेना तेव्हा डिझेलचे जनरेटर भाड्याने आणून दुकान उघडलं. महामार्गावरून दुकानाकडे यायचा पूलही अडवून धरला होता, कारण जवळच दुसऱ्या महायुद्धातलं रणगाडा-अडथळ्यांचं स्मारक आहे. आणि २०१० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मॉलच्या विजेसाठी ठेकेदाराने दिलेल्या लाचेकडे काणाडोळा केला म्हणून स्वतःच्याच दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना काढलं.

मार्च २०२२ मध्ये दुकानं बंद होणार कळल्यावर जी झुंबड उडाली, तेव्हा त्या काकूंनी मला फोनवर सांगितलं की त्या गाद्यांच्या चादरी घ्यायला गेल्या आणि मेणबत्त्या घेऊन आल्या, कारण फडताळावर तेवढंच उरलं होतं. पुढच्या वर्षी आयकियाचे 'मेगा' मॉलसुद्धा रशियाच्या गाझप्रोमबँकेच्या गटाकडे गेले.

खवय्या
तो स्क्रू प्रत्येकाच्या घरी उरतो, ताई. जगात कुठेही.

पांढरा_कोट
मी २०१९ ते २५ मॉस्कोत वैद्यकीय शिक्षण घेतलं. धागा शांतपणे वाचत होतो, पण १४ मार्चचा उल्लेख आल्यावर राहवलं नाही.

आमच्यासाठी बर्गर बंद होणं हा शेवटचा धक्का होता. पहिला धक्का कार्डांचा. व्हिसा आणि मास्टरकार्डने १० मार्चपासून काम थांबवलं. घरून मिळालेलं कार्ड एका रात्रीत निरुपयोगी. एटीएमसमोर आमच्या हॉस्टेलचे चाळीस जण उभे होते आणि रोकड संपली होती. त्या महिन्यात वरच्या वर्गातल्या एका मुलीने आम्हा सहा जणांचा किराणा आपल्या 'मीर' कार्डावर भरला. मीर म्हणजे तिथली देशी कार्डव्यवस्था. बाबांनी पैसे कसे पोचवले ते लिहिलं तर वेगळा धागा होईल.

मॅकडोनाल्ड्स बंद व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी, पुष्किन चौकात गेलो होतो. रांग होतीच. एका पियानोवादकाने निषेध म्हणून स्वतःला दाराशी साखळीने बांधून घेतलं होतं, पोलिसांनी उचलून नेलं. एक माणूस मुलाला खांद्यावर घेऊन पाटीचा फोटो काढत होता.

जुलैमध्ये परीक्षा संपल्यावर 'व्कुस्नो इ तोच्का'त गेलो. मेनूत बिग मॅक नव्हता. ट्रेवरच्या कागदावर लिहिलं होतं, 'नाव बदलतं, प्रेम राहतं.' सॉसची छोटी वाटी हातात घेतली तर झाकणावर काळ्या मार्करचा पट्टा. जुना साठा होता, कंपनीचं नाव कोणीतरी एकेका झाकणावर हाताने खोडलं होतं. मी नखाने खरवडून पाहिलं. खालून पिवळं अक्षर निघालं. शेजारच्या टेबलावरचा मुलगाही तेच करत होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनी वाट्या उलट्या ठेवल्या.

उत्तरायण
पांढरा_कोट, अंगावर काटा आला. याच साठी धागा काढला होता.

निखारा
हे सगळं मनाला लागतं, मान्य. पण प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग कोणी बोलतच नाहीये. कंपनीने जावं की राहावं? माझं मत स्पष्ट आहे, जायलाच हवं होतं. तिथे धंदा केला की कर भरला जातो, कर भरला की तो युद्धाला जातो. शेजारच्या देशात इमारती पडत असताना 'आम्ही फक्त खाणं विकतो' म्हणणं मला पटत नाही.

आणि युक्रेनमध्येही मॅकडोनाल्ड्स होतंच, कीवला १९९७ पासून. २४ फेब्रुवारी २०२२ ला तिथलीही दुकानं बंद पडली. त्याबद्दल या धाग्यात अजून एक ओळ नव्हती. २० सप्टेंबर २०२२ ला कीवमधली तीन दुकानं उघडली, तीही आधी फक्त घरपोच. भोंगा वाजला की बंद, भोंगा थांबला की सुरू.

हिशेबनीस
निखारा, युक्रेनची ओळ राहून गेली होती, बरं झालं लिहिलीत. तुमच्या भावनेशी मी सहमत आहे, पण हिशेबाशी नाही. कारण जातानाही पैसे तिथेच भरावे लागतात.

रशियाने नियम असा केला की 'मित्र नसलेल्या' देशातल्या कंपनीने मालमत्ता विकायची तर सरकारी आयोगाची परवानगी हवी. किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त नको. शिवाय विक्रीच्या वेळी सरकारी तिजोरीत 'ऐच्छिक' वर्गणी. ती आधी १० टक्के होती, मग १५ केली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ३५ टक्के. बाजारभावावर द्यावी लागणारी सूटही निम्म्यावरून ६० टक्क्यांवर नेली. जो लवकर गेला तो कमी भरून गेला, जो विचार करत बसला तो जास्त.

व्यवहार बघा. रेनोने अव्तोवाझ या रशियन मोटार कंपनीतला हिस्सा एका रूबलला दिला. बिअरवाली हाइनेकेन एका युरोला विकून बाहेर पडली आणि सुमारे ३० कोटी युरोंचा फटका सोसला. दुधाच्या पदार्थांची डानोन आणि कार्ल्सबर्गची बिअर कंपनी बाल्टिका या दोघी विक्रीच्या तयारीत होत्या, तेवढ्यात जुलै २०२३ मध्ये सरकारने दोन्हींचा ताबाच घेतला. डानोनच्या तिथल्या कंपनीच्या प्रमुखपदी चेचेन नेते कादिरोव्ह यांच्या नात्यातला एक जण बसवला. तयार कारखाने, तयार गिऱ्हाईक, मातीमोल भाव. जाणाऱ्या कंपन्यांमुळे तिथे एक नवा श्रीमंत वर्ग तयार झाला, हे कुठल्याही निर्बंधाच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

निखारा
म्हणजे तुमच्या मते राहायला हवं होतं?

हिशेबनीस
नाही. माझ्या मते २०१४ मध्येच आवरायला हवं होतं. क्रिमिया घेतल्यावर मॅकडोनाल्ड्सने तिथली तीन दुकानं बंद केली. त्याच ऑगस्टमध्ये पुष्किन चौकातलं दुकान स्वच्छतेच्या कारणाखाली सरकारी खात्याने बंद करायला लावलं, नोव्हेंबरमध्ये पुन्हा उघडलं. वारं कुठून वाहतंय हे तेव्हाच कळत होतं. तरी सगळे राहिले, कारण धंदा उत्तम होता. आठ वर्षांनी तीच मालमत्ता एका रूबलवर आली.

साधा_माणूस
निखारा, तुम्ही म्हणता जायलाच हवं होतं. मॅकडोनाल्ड्सकडे ६२,००० माणसं कामाला होती. आयकियाकडे सुमारे १५,०००. त्यांनी युद्ध पुकारलं नव्हतं.

निखारा
बरोबर, आणि म्हणूनच कंपनी जाताना काय करते ते बघावं लागतं. मॅकडोनाल्ड्सने बंद काळात पगार चालू ठेवला. विकताना अट घातली की किमान दोन वर्षं कर्मचारी ठेवायचे. घेणारे अलेक्सांद्र गोव्होर, सैबेरियातले, आधीपासून २५ दुकानांची फ्रँचायझी चालवत होते. शिवाय १५ वर्षांच्या आत परत विकत घेण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला. जाण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात एवढंच म्हणतेय. रात्रीत शटर ओढणं आणि असं जाणं एक नाही.

पारिजात
आणि काहींना जायचं असूनही जाता आलं नाही ना? बर्गर किंगचं काय झालं?

हिशेबनीस
हो, चांगलं आठवलंत. बर्गर किंगची तिथे ८०० च्या आसपास दुकानं. मूळ कंपनीचा वाटा फक्त १५ टक्के, दुकानं चालवतो स्थानिक भागीदार. मूळ कंपनीने सांगितलं बंद करा, भागीदाराने ऐकलं नाही. करार असा की एकट्याने तोडता येत नाही. वाढताना फ्रँचायझी फार सोयीची पडते, कारण पैसा दुसऱ्याचा लागतो. निघताना कळतं की दाराची किल्लीही दुसऱ्याकडेच आहे. मॅकडोनाल्ड्सची बहुतेक दुकानं स्वतःची होती म्हणून ती बंद करता आली. त्यांचीही स्टेशनांवरची आणि विमानतळांवरची फ्रँचायझीची काही दुकानं त्यानंतर बराच काळ चालूच होती.

दर्यावर्दी
अवांतर: आपणही १९७७ मध्ये कोकाकोलाला हाकललं होतंच की!

जुनी_पेटी
दर्यावर्दी, ती गोष्ट उलट्या बाजूची आहे. तिकडे कंपन्या स्वतःहून निघाल्या, इकडे सरकारने अट घातली. १९७३ च्या परकीय चलन कायद्याप्रमाणे परदेशी वाटा ४० टक्क्यांवर आणायचा होता. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले आणि त्यांनी ते लावून धरलं. कोकाकोलाला अर्काचं गुपित हातून जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून ती गेली. सरकारी मॉडर्न फूड इंडस्ट्रीजने 'डबल सेव्हन' काढलं, ते फार चाललं नाही. बाजार मिळाला पार्लेच्या थम्स अपला. १९९३ मध्ये कोकाकोला आग्र्यातून परत आली आणि थम्स अपच विकत घेतलं. बंद करायला निघाले होते म्हणतात, पण गिऱ्हाइकाने सोडलं नाही, आजही ते बाजारात आहे.

साम्य बघायचं तर रशियातली 'दोब्री कोला' बघा. कोकाकोला गेली, तिची बाटली भरणाऱ्या कंपनीने नाव बदलून 'मुल्तोन पार्टनर्स' केलं आणि 'दोब्री' या आपल्याच जुन्या रसाच्या नावाखाली कोला काढला. तो तिथला सर्वाधिक खपाचा कोला झाला. आणि ही कंपनी अजूनही कोकाकोलाचं बाटलीभरण करणाऱ्या त्याच युरोपीय गटाच्या मालकीची. उत्तरायण यांनी विचारलं होतं नुसती पाटी गेली का, तर या बाबतीत अक्षरशः पाटीच गेली.

निळी_छत्री
इराणमधल्या झमझमचंही असंच ना? क्रांतीआधी पेप्सीची भागीदार, १९७९ नंतर तेच कारखाने, स्वतःचं नाव.

खवय्या
आणि बेलग्रेड! समाजवादी देशातलं पहिलं मॅकडोनाल्ड्स मॉस्कोचं नाही, बेलग्रेडचं, मार्च १९८८. १९९९ मध्ये नेटोचे बॉम्ब पडत होते तेव्हा लोकांनी दुकानांच्या काचा फोडल्या. मग स्थानिक मंडळींनी बोधचिन्हावर सर्बियन शेतकऱ्याची 'शायकाचा' नावाची टोपी चढवली आणि दुकानं पुन्हा उघडली. चालली!

मातीचा_माणूस
खवय्या, पाटी बदलून टिकायचा याहून सोपा उपाय मी ऐकला नव्हता.

नवीन मालकांबद्दल एक भर. स्टारबक्सची १३० दुकानं होती, ती एका रॅपरने आणि त्याच्या हॉटेलवाल्या भागीदाराने घेतली, 'स्टार्स कॉफी' नाव दिलं. खाणंपिणं असं चालून जातं. मोटार चालत नाही. रेनोच्या मॉस्कोतल्या कारखान्यात जुनं 'मोस्कविच' नाव पुन्हा जिवंत केलं, पण आतले सुटे भाग चीनच्या जेएसी कंपनीचे. पाव तिथल्या पिठाचा होतो, इंजिनाचं तसं नाही. जाण्याने काय गेलं हे मोजायचं असेल तर काउंटर सोडून कारखान्यात बघा.

उत्तरायण
सगळ्यांचे मनापासून आभार. मी प्रश्न टाकला तेव्हा मला वाटत होतं उत्तर एकच असेल. आता दिसतंय की कोलाचं एक, मोटारीचं दुसरं, आणि हॉस्टेलवरच्या पोरांच्या कार्डाचं तिसरंच. किंमत कोणी मोजली याला हिशेबनीस आणि साधा_माणूस यांनी दिलेली उत्तरं जुळत नाहीत आणि मला दोन्ही खरी वाटतात.

पांढरा_कोट, एकच विचारायचं राहिलं. जुलैमध्ये तुम्ही आत गेलात तेव्हा काउंटरमागून ती हाक ऐकू आली का, लुमुंबाकर काकांनी सांगितलेली?

पांढरा_कोट
आली. मी त्या शब्दांकडे कधी लक्षच दिलं नव्हतं, सहा वर्षं रोजचंच होतं. आता तुम्ही विचारल्यावर आठवतंय. नवा गणवेश घातलेली मुलगी होती, माझ्याच वयाची. हात वर करून म्हणाली, "स्वबोदनाया कास्सा!" माझ्या पुढचा माणूस फोनवर बोलत होता, त्याने ऐकलंच नाही. तिने दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मी पुढे झालो.

लुमुंबाकर
वाचलं. रूममेटला आत्ताच संदेश पाठवला, ती डबी अजून आहे का विचारलंय. कळवतो.